जॉन सोन

सर जॉन सोन (१० सप्टेंबर, इ.स. १७५३ – २० जानेवारी, इ.स. १८३७) हे नवअभिजात शैलीत काम करणारे इंग्लंडमधील एक अग्रगण्य वास्तुविशारद होते. बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद म्हणून त्यांनी ४५ वर्षे काम केले. रॉयल अकॅडमी या कलासंस्थेत ते वास्तुकलेचे प्राध्यापक होते. दलिच येथील चित्रदालन ही त्यांची आणखी एक प्रसिद्ध निर्मिती होय. तथापि आज त्यांचे नाव सर्वाधिक निगडित आहे ते लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स येथील त्यांच्या राहत्या घराशी. एकमेकांना लागून असलेल्या १२, १३ आणि १४ या क्रमांकांच्या तीन घरांच्या जागेवर त्यांनी चार दशकांहून अधिक काळ बांधकाम, फेरबदल आणि संग्रह यांचा ध्यास घेतला. हे घर प्रारंभी त्यांनी आपल्या वंशासाठी उभारले होते. अखेरीस मात्र ते पुत्राकडे न जाता राष्ट्राकडे जावे, यासाठी त्यांनी संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घेतला. त्या कायद्यामुळेच हे घर आजही बहुतांशी त्यांच्या हयातीतील स्वरूपात टिकून आहे.

बालपण व शिक्षण

सोन यांचा जन्म थेम्स नदीकाठच्या गोरिंग या गावी एका गवंड्याच्या कुटुंबात झाला. त्यांच्या आडनावाचे मूळ इंग्रजी लेखन चार अक्षरी होते. इ.स. १७८४ मध्ये विवाहाच्या सुमारास त्यांनी त्याच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडले. उच्चारात फरक पडला नाही, परंतु गवंडीकामाशी जोडलेल्या सामान्य कुळापासून स्वतःला थोडे दूर नेण्याची त्यांची इच्छा त्यातून दिसते, असे चरित्रकार मानतात.

ते चौदा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. थोरला भाऊ विल्यम हाही गवंडी होता. इ.स. १७६८ मध्ये, पंधराव्या वर्षी, सोन यांना वास्तुविशारद जॉर्ज डान्स (धाकटे) यांच्या कार्यालयात प्रवेश मिळाला. डान्स हे त्यांचे पहिले गुरू आणि पुढे आयुष्यभराचे स्नेही ठरले. इ.स. १७७१ मध्ये सोन रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी हेन्री हॉलंड यांच्या कार्यालयात रुजू झाले. त्याच वर्षी व्हाइटहॉल येथील बँक्वेटिंग हाउसच्या दर्शनी भागाच्या मोजमापासह काढलेल्या आराखड्यासाठी त्यांना रौप्यपदक, तर इ.स. १७७६ मध्ये एका भव्य विजयसेतूच्या आराखड्यासाठी सुवर्णपदक मिळाले. सर विल्यम चेंबर्स यांनी त्यांची रेखाटने राजे तिसरे जॉर्ज यांच्या नजरेस आणली आणि इटलीत अभ्यास करण्यासाठी त्यांना प्रवासवृत्ती मिळाली.

इटलीचा प्रवास

मार्च १७७८ मध्ये सोन यांनी लंडन सोडले. रोममध्ये त्यांनी प्राचीन मंदिरे, स्नानगृहे आणि समाध्या यांची मोजमापे घेतली. प्राचीन रोमच्या भग्नावशेषांची प्रसिद्ध कोरीव चित्रे करणारे कलावंत पिरानेसी यांची भेटही त्यांना लाभली. त्याच वर्षी पिरानेसी यांचे निधन झाले. भग्न वास्तूंचे आकर्षण आणि वरून झिरपणाऱ्या प्रकाशाची ओढ हे सोन यांच्या कामातील दोन स्थायी विशेष रोममधील या दिवसांत रुजले.

रोममध्येच त्यांची डेरीचे बिशप फ्रेडरिक हर्व्ही यांच्याशी ओळख झाली. बिशपांनी आयर्लंडमध्ये मोठे काम देण्याचे आश्वासन दिले. त्यावर विसंबून सोन शिष्यवृत्तीची मुदत संपण्यापूर्वीच इ.स. १७८० मध्ये परतले. परतीच्या वाटेवर आल्प्स पर्वतात त्यांची पेटी हरवली. तीत त्यांची पदकेही होती. आयर्लंडला पोहोचल्यावर आश्वासन फोल ठरले आणि रिकाम्या हातांनी त्यांना लंडनला यावे लागले. पुढील काही वर्षे ग्रामीण भागातील हवेल्यांची दुरुस्ती आणि लहान कामे करून त्यांनी आपला जम बसवला.

विवाह

२१ ऑगस्ट १७८४ रोजी सोन यांचा विवाह एलिझाबेथ स्मिथ यांच्याशी झाला. एलिझाबेथ या लंडनमधील धनाढ्य बांधकाम व्यावसायिक जॉर्ज वायट यांच्या भाची होत्या. या दांपत्यास चार पुत्र झाले. त्यांपैकी दोघे बालपणीच दगावले; जॉन (जन्म १७८६) आणि जॉर्ज (जन्म १७८९) हे दोघे वाचले. इ.स. १७९० मध्ये वायट यांच्या मृत्यूनंतर मोठी मालमत्ता सोन दांपत्याकडे आली. लंडनमध्ये स्वतःचे घर बांधण्याची आणि संग्रह करण्याची ऐपत त्यातून निर्माण झाली.

बँक ऑफ इंग्लंड

सर रॉबर्ट टेलर यांच्या निधनानंतर ऑक्टोबर १७८८ मध्ये सोन यांची बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद म्हणून नेमणूक झाली. इ.स. १८३३ पर्यंत ते या पदावर होते. या काळात फ्रान्सशी चाललेल्या युद्धांमुळे बँकेचा व्याप सतत वाढत होता आणि इमारतही टप्प्याटप्प्याने विस्तारत गेली.

सुरक्षिततेसाठी बँकेच्या बाहेरील भिंतीला खिडक्या ठेवता येत नव्हत्या. त्यामुळे आतील दालनांना उजेड द्यायचा तो वरूनच. सोन यांनी या अडचणीतून आपली शैली घडवली. दालनांवर उथळ घुमट, घुमटांच्या माथ्यावर काचेचे झरोके, आणि भिंतींवर नक्षीऐवजी केवळ कोरलेल्या रेषा अशी त्यांची रचना होती. इ.स. १७९१ ते १७९३ मध्ये बांधलेले बँक स्टॉक ऑफिस हे दालन या शैलीचा पहिला परिपक्व नमुना मानले जाते. बंद भिंतींच्या आत वरून उजेड खेळवण्याची हीच हातोटी पुढे त्यांनी स्वतःच्या घरात वापरली.

लिंकन्स इन फील्ड्समधील घर

लिंकन्स इन फील्ड्स हे मध्य लंडनमधील एक विस्तीर्ण पटांगण असून त्याच्या कडेने घरांच्या रांगा आहेत. इ.स. १७९२ मध्ये सोन यांनी उत्तरेकडील रांगेतील १२ क्रमांकाचे घर विकत घेतले, ते पाडून नव्याने बांधले आणि इ.स. १७९४ मध्ये ते सहकुटुंब तेथे राहावयास गेले. मागच्या बाजूस त्यांनी कार्यालय थाटले. घर आणि कार्यालय एकाच छपराखाली असल्यामुळे उमेदवारी करणारे विद्यार्थी घरातच वावरत असत.

इ.स. १८०० मध्ये सोन यांनी लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथील पिट्सहँगर मॅनर ही हवेली ४,५०० पौंडांस घेतली. तिचा एक भाग त्यांचे गुरू डान्स यांनी बांधलेला होता. सोन यांनी तेवढा राखून बाकीची हवेली पुन्हा उभारली. मूर्ती, चित्रे आणि प्राचीन अवशेष यांच्या सहवासात मुले वाढावीत, त्यांनी वास्तुविशारद व्हावे आणि सोन घराण्याची परंपरा सुरू व्हावी, असा त्यांचा हेतू होता. होगार्थ या चित्रकाराची एका उधळ्या तरुणाच्या अधःपतनाची कथा सांगणारी आठ चित्रांची मालिका एलिझाबेथ यांनी इ.स. १८०२ मध्ये लिलावात ५७० गिनींना विकत घेतली, तीही याच काळात. पुत्रांनी मात्र वास्तुकलेत रस दाखवला नाही. इ.स. १८१० मध्ये सोन यांनी पिट्सहँगर विकले आणि सर्व लक्ष लंडनमधील घरावर केंद्रित केले.

इ.स. १८०७ मध्ये त्यांनी शेजारचे १३ क्रमांकाचे घर घेतले होते. आधी त्याच्या मागील तबेल्यांच्या जागेवर कार्यालय आणि मूर्तिसंग्रहासाठी दालने बांधली, नंतर इ.स. १८१२ मध्ये पुढचा भाग पाडून नवा बांधला आणि पुढच्या वर्षी कुटुंब तेथे गेले. नव्या घराचा पोर्टलँड दगडाचा दर्शनी भाग शेजारच्या विटांच्या घरांच्या रेषेपुढे आलेला होता. त्या भागाच्या बांधकाम निरीक्षकाने हा नियमभंग असल्याचे सांगून सोन यांच्याविरुद्ध दावा लावला. निकाल सोन यांच्या बाजूने लागला.

इ.स. १८२३ मध्ये १४ क्रमांकाचे घरही सोन यांनी घेतले. त्याचा पुढचा भाग भाड्याने देण्यासाठी बांधला आणि मागच्या जागेवर चित्रदालन उभारून ते १३ क्रमांकाच्या घराला जोडले. अशा रीतीने समोरून तीन स्वतंत्र घरे आणि मागून एकच संग्रहालय अशी आजची रचना सिद्ध झाली.

घराची वास्तुरचना

भिंतीला भिंत लागून असलेल्या लंडनच्या घरांना केवळ पुढून आणि मागून उजेड मिळतो. मध्यभाग काळोखा राहतो. सोन यांच्या घराची सारी रचना या अडचणीवरील उत्तर आहे. त्यांनी मागच्या बाजूस लहान चौक मोकळे सोडले, छपरात झरोके ठेवले, काही ठिकाणी पिवळ्या काचा बसवून लंडनच्या करड्या उजेडाला उन्हाची छटा दिली आणि भिंतींत आरसे जडवून अरुंद खोल्यांना खोली आणली.

तळमजल्यावरील पुस्तकालय आणि भोजनगृह ही दोन दालने गडद लाल रंगाची असून एकमेकांत मोकळी उघडतात. त्यांच्यामागील न्याहारीची खोली ही सोन यांची सर्वात प्रसिद्ध लहान खोली होय. तिच्यावर रुमाल ताणून धरावा तसा उथळ घुमट आहे. हा घुमट बाजूच्या भिंतींना टेकत नाही. त्यामुळे घुमट आणि भिंती यांच्यामधील जागेतून, पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या झरोक्यांचा उजेड भिंतींवर उतरतो. घुमटात अनेक लहान बहिर्गोल आरसे बसवलेले आहेत आणि त्यांत सारी खोली पुन्हापुन्हा प्रतिबिंबित होते.

त्यामागे संग्रहालयाचा भाग सुरू होतो. येथील उमेदवारांची रेखाटनाची खोली स्तंभांवर उभी असून तिची जमीन भिंतींपासून अलग ठेवली आहे, जेणेकरून छपरातील उजेड दोन्ही बाजूंनी खाली पोहोचावा. जवळच्या घुमटाखालील जागेत तळघरापासून छपरापर्यंत प्राचीन शिल्पांचे तुकडे, रक्षापात्रे आणि प्लास्टरच्या प्रतिकृती दाटीवाटीने लावल्या आहेत. त्यांच्यामध्ये सोन यांचा, फ्रान्सिस चँट्री यांनी घडवलेला अर्धपुतळा आहे.

चित्रदालन आकाराने लहान असले तरी त्यात शंभरांहून अधिक चित्रे मावतात. त्याच्या भिंती दारांसारख्या बिजागऱ्यांवर उघडतात आणि त्यांच्या आतील बाजूंवरही चित्रे टांगलेली आहेत. होगार्थ यांच्या वरील मालिकेसोबतच निवडणुकीवरील त्यांची चार चित्रेही येथे आहेत. एका बाजूची शेवटची फळी उघडली की चित्रे संपतात आणि खालच्या मजल्यापर्यंतची मोकळी जागा दिसते.

तळघरात इजिप्तचा राजा पहिला सेती याची अलाबास्टर दगडाची शवपेटी आहे. जोव्हानी बेल्झोनी यांना ती इ.स. १८१७ मध्ये राजांच्या खोऱ्यातील थडग्यात सापडली. ब्रिटिश म्युझियमने २,००० पौंड देण्यास नकार दिल्यावर सोन यांनी तेवढ्याच रकमेस ती इ.स. १८२४ मध्ये घेतली. ती आत आणण्यासाठी मागची भिंत फोडावी लागली. मार्च १८२५ मध्ये सोन यांनी तीन रात्री घर दिव्यांनी उजळून पाहुण्यांना ती दाखवली.

प्राध्यापकपद

इ.स. १८०६ मध्ये सोन यांची रॉयल अकॅडमीत प्राध्यापक म्हणून निवड झाली आणि इ.स. १८०९ पासून त्यांची व्याख्याने सुरू झाली. ज्यांना इटलीला जाणे शक्य नव्हते, अशा विद्यार्थ्यांना मोठी चित्रे दाखवून ते शिकवीत. व्याख्यानांच्या सुमारास विद्यार्थ्यांना घरातील संग्रह पाहण्याचीही मुभा असे. गवंड्याच्या घरातून पदकांच्या बळावर वर आलेल्या सोन यांना अशा मदतीचे मोल ठाऊक होते.

इ.स. १८१० मधील एका व्याख्यानात त्यांनी रॉबर्ट स्मर्क यांच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहावर टीका केली. स्मर्क पूर्वी काही काळ त्यांच्याच कार्यालयात होते. हयात कलावंतांवर व्याख्यानांतून टीका करण्यास अकॅडमीने मनाई केली, तेव्हा सोन यांनी व्याख्याने थांबवली. ती इ.स. १८१३ मध्ये पुन्हा सुरू झाली. सोन यांचा स्वभाव मानी आणि संशयी होता. अनेक सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले. दुसरीकडे उमेदवारांना शिकवण्यात आणि गरजू कलावंतांना मदत करण्यात ते उदार होते. चित्रकार जोसेफ गँडी यांना त्यांनी दीर्घकाळ काम दिले. गँडी यांनी इ.स. १८३० मध्ये सोन यांच्यासाठी बँक ऑफ इंग्लंडचे, जणू भग्नावस्थेत उघडी पडलेली इमारत वरून पाहावी असे चित्र काढले.

भग्नतेची ही कल्पना सोन यांनी स्वतःच्या घरालाही लावली होती. इ.स. १८१२ मध्ये घराचे काम चालू असताना त्यांनी एक हस्तलिखित रचले. भावी काळातील एक पुराणवस्तुशास्त्रज्ञ या घराचे अवशेष पाहत आहे आणि ही वास्तू नेमकी कशासाठी होती, याचे तर्क करीत आहे, असे त्यात कल्पिले आहे.

पुत्रांशी बेबनाव

दोन्ही पुत्र केंब्रिज येथे शिकले. थोरला जॉन प्रकृतीने दुर्बल होता आणि व्यवसायात त्याचे मन रमले नाही. धाकटा जॉर्ज बुद्धिमान पण उधळा होता. त्याने लेखनाचा आणि नाटकांचा मार्ग धरला. इ.स. १८११ मध्ये त्याने आईवडिलांच्या मनाविरुद्ध विवाह केला. पुढे कर्ज आणि फसवणुकीच्या आरोपावरून त्याला तुरुंगात जावे लागले. वडिलांनी मदत नाकारली, तेव्हा एलिझाबेथ यांनी पैसे भरून त्याची सुटका केली.

सप्टेंबर १८१५ मध्ये एका लंडनच्या नियतकालिकात दोन निनावी लेख आले. त्यांत समकालीन वास्तुकलेवर, विशेषतः सोन यांच्या कामावर आणि लिंकन्स इन फील्ड्समधील घरावर कठोर उपहास होता. लेखक जॉर्ज असल्याचे काही आठवड्यांतच उघड झाले. एलिझाबेथ यांची प्रकृती आधीच ठीक नव्हती. २२ नोव्हेंबर १८१५ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्राच्या या कृत्याच्या आघातानेच पत्नी गेली, असे सोन यांनी आयुष्यभर मानले. त्यांनी ते लेख चौकटीत बसवून घरात टांगले. सेंट पँक्रस येथील जुन्या दफनभूमीत त्यांनी पत्नीसाठी उथळ घुमटाचे छत्र असलेली समाधी बांधली. इ.स. १८२३ मध्ये थोरल्या जॉनचेही निधन झाले आणि त्याला तेथेच पुरण्यात आले.

जॉर्जच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च सोन यांनी काही काळ उचलला. जॉर्जशी मात्र त्यांचा समेट झाला नाही.

इ.स. १८३३ चा कायदा

वंशपरंपरेची आशा मावळल्यावर घराचे भवितव्य हा सोन यांच्यापुढील मुख्य प्रश्न झाला. इंग्लंडच्या वारसाहक्काच्या नियमांनुसार मालमत्तेवर जॉर्ज दावा सांगू शकला असता आणि संग्रहाची पांगापांग झाली असती. म्हणून सोन यांनी आपल्या खर्चाने संसदेत विधेयक मांडवले. जॉर्जने त्यास विरोध केला आणि त्याची बाजू विल्यम कॉबेट यांनी संसदेत मांडली. तरीही एप्रिल १८३३ मध्ये विधेयकास राजमान्यता मिळाली.

या कायद्याने घर आणि संग्रह विश्वस्तांकडे सोपवला गेला. त्याची व्यवस्था सोन यांच्या मृत्युसमयी होती तशी शक्य तितकी राखावी, आणि चित्रकला, शिल्पकला व वास्तुकला यांचे अभ्यासक व रसिक यांना तो विनामूल्य पाहता यावा, असे बंधन त्यात घातले आहे. त्याच वर्षी सोन यांनी रॉबर्ट ॲडम व जेम्स ॲडम या बंधूंच्या कार्यालयातील हजारो रेखाटने अवघ्या २०० पौंडांस घेतली. इतर कोणी खरेदीदार पुढे न आल्याने ती विखुरण्याची शक्यता होती.

इतर वास्तू व सन्मान

दलिच येथील चित्रदालन (रचना इ.स. १८११ पासून, खुले १८१७) हे इंग्लंडमधील चित्रांसाठीच बांधलेले पहिले सार्वजनिक दालन मानले जाते; त्यातही उजेड छपरातून येतो. चेल्सी येथील रॉयल हॉस्पिटलच्या काही इमारती, वेस्टमिन्स्टर येथील न्यायालये आणि वॉलवर्थ, बेथनल ग्रीन व मेरिलबोन येथील तीन चर्च हीही त्यांची कामे होत. इ.स. १८३१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. इ.स. १८३५ मध्ये इंग्लंडच्या वास्तुविशारदांनी त्यांना सुवर्णपदक अर्पण केले.

मृत्यू व वारसा

२० जानेवारी १८३७ रोजी १३, लिंकन्स इन फील्ड्स येथेच सोन यांचे निधन झाले. सेंट पँक्रसच्या समाधीत पत्नी आणि थोरला पुत्र यांच्याशेजारी त्यांना पुरण्यात आले. मृत्युपत्रात जॉर्जसाठी वर्षाला केवळ ५२ पौंडांची तरतूद होती. वडील भ्रमिष्ट झाले होते, असे म्हणत जॉर्जने मृत्युपत्रास आव्हान दिले. न्यायालयाने ते त्याच वर्षी फेटाळले.

सोन यांच्या मोठ्या सार्वजनिक वास्तूंच्या वाट्याला मात्र असे संरक्षण आले नाही. वेस्टमिन्स्टरची न्यायालये एकोणिसाव्या शतकातच पाडण्यात आली. इ.स. १९२५ नंतर हर्बर्ट बेकर यांच्या पुनर्बांधणीत बँक ऑफ इंग्लंडची आतील दालने नष्ट झाली. बाहेरची भिंत तेवढी उरली. बँक स्टॉक ऑफिसची प्रतिकृती इ.स. १९८८ मध्ये बँकेच्या संग्रहालयासाठी पुन्हा उभारण्यात आली.

सेंट पँक्रस येथील समाधीच्या घुमटावरून वास्तुविशारद जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना ब्रिटनच्या लाल टेलिफोन खोक्याचे छत सुचले, असे मानले जाते. स्कॉट हे सोन यांच्या संग्रहालयाचे विश्वस्तही होते.

लिंकन्स इन फील्ड्समधील घर सर जॉन सोन यांचे संग्रहालय म्हणून आजही सुरू आहे. १४ क्रमांकाचे घर कायद्याच्या कक्षेबाहेर होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संग्रहालयाने ते परत मिळवले. गेल्या काही वर्षांत वरच्या मजल्यावरील सोन दांपत्याच्या खासगी खोल्याही जुन्या चित्रांच्या आधारे पूर्ववत करण्यात आल्या आहेत. संग्रहालयात प्रवेशासाठी शुल्क नाही.